दुखरा पाय आणि दुखावलेलं मन

मैत्रिणींनो,

या आठवड्याच्या टपालात लोणच्याला आलेल्या बुरशीची, सासूबाईंच्या पथ्याची आणि मुलांच्या अभ्यासाची नेहमीची पत्रं होतीच, पण एक पत्र जरा वेगळं होतं. ते वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवलं. आपल्यापैकी कितीतरी जणी घरच्या हॉलमध्ये, गच्चीवर नाहीतर शाळेच्या एखाद्या रिकाम्या खोलीत संध्याकाळी नाचाचे वर्ग चालवतात. आणि ज्या चालवत नाहीत, त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या लेकी असल्या वर्गांना जातात. म्हणून या पत्राचं उत्तर खाजगी न देता इथेच द्यायचं ठरवलं. पत्रातला मजकूर थोडक्यात असा :

“ताई, सप्रेम नमस्कार. अकरा वर्षं मी घरीच कथकचा वर्ग चालवते. वीस-बावीस मुली येतात. पुढच्या महिन्यात आमचा वार्षिक कार्यक्रम आहे. गेल्या बुधवारी तालमीत एक चौदा वर्षांची मुलगी चक्कर घेताना पाय मुरगळून पडली. माझी सगळ्यात मेहनती मुलगी! मी घाबरून जोरजोरात बाम चोळला, पट्टी बांधली आणि रिक्षातून घरी पोचवली. दुसऱ्या दिवशी तिच्या आईंचा फोन आला, ‘आता पुरे झाला तो नाच, नसती आफत!’ मुलगी माझ्याशी फोनवर बोलायलाच येत नाही. वर्गातल्या मुली विचारतात, तिची जागा कुणाला देणार? तिची या महिन्याची फी आलेली आहे, ती परत करू का, तेही कळत नाही. आमचे ‘हे’ म्हणतात, तू काय डॉक्टर आहेस? कशाला जिवाला लावून घेतेस? पण ताई, मला रात्री झोप लागत नाही. माझं काय चुकलं, आणि आता काय करू?”

पत्र पाठवणाऱ्या भगिनींना पहिली गोष्ट ही सांगते की, तुम्हाला झोप लागत नाही यातच तुमच्यातली चांगली शिक्षिका दिसते. तुमच्या यजमानांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. तुम्ही डॉक्टर नाही, आणि पायाचं काय ते डॉक्टरांनीच सांगायला हवं. पण पाय डॉक्टरांचा असला तरी मुलगी तुमची विद्यार्थिनी आहे. ती पुन्हा उभी राहील की नाही, हे बऱ्याच अंशी येत्या दोन-तीन आठवड्यांत तुम्ही कशा वागता त्यावर ठरणार आहे. हे मी पुस्तकातलं सांगत नाही, स्वतःच्या चुकीतून शिकलेलं सांगते आहे.

माझीही एक अशीच विद्यार्थिनी होती. तेव्हा मी घरीच नाच शिकवत असे. खाली शहाबादी फरशी, आणि मुलींच्या पायांत शंभर-शंभर घुंगरांचे चाळ. मुलगी सोळा वर्षांची. एक दिवस म्हणाली, “बाई, नडगीत दुखतंय.” मी काय म्हणावं? “एवढ्यानं काय होतंय? आमच्या वेळी पायाला फोड येईपर्यंत तत्कार करत होतो आम्ही!” त्यानंतर ती पुन्हा दुखण्याबद्दल बोलली नाही. मला वाटलं, बरं झालं असेल. कार्यक्रम उत्तम झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पाय टेकवेना. डॉक्टरांनी सांगितलं, नडगीच्या हाडाला बारीक भेग गेली आहे, दोन महिने नाच बंद.

मी दोनदा फोन केला. मग दुसरा कार्यक्रम आला, तिच्या जागी दुसरी मुलगी उभी राहिली, आणि माझं फोन करणं राहूनच गेलं. ती काही परत आली नाही. पुष्कळ वर्षांनी एका लग्नात मंगल कार्यालयाच्या पंगतीत भेटली. कडेवर मूल होतं. अगदी वाकून नमस्कार केला. मी विचारलं, “अगं, पायाचं काय झालं मग?” ती हसून म्हणाली, “पाय तर दोन महिन्यांत बरा झाला होता बाई. पण तुम्ही बोलावलंच नाहीत. मला वाटलं, आता माझी जागा भरली, माझी काही गरज नाही.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्यामुळेच मला जास्त लागलं. घरी आल्यावर ते पंगतीतलं गोडधोड घशाशी आलं म्हणाना! म्हणून म्हणते, माझ्यासारखं तुमचं होऊ देऊ नका.

आता एकेक गोष्ट क्रमानं पाहू.

पडल्याबरोबर काय करावं

मुलगी पडली की आपण धावतो, हात धरून उठवतो आणि “चालून दाखव बघू” म्हणतो. तसं करू नये. दोन मिनिटं तिला तिथेच बसू द्यावं, श्वास घेऊ द्यावा, आणि बाकीच्या मुलींचा घोळका बाजूला करावा. मग शांतपणे विचारावं, कुठं दुखतंय, पडताना ‘कट्’ असा आवाज आला का?

बाम चोळलात, ते मात्र चुकलं. ताज्या मुरगळीवर पहिले दोन-तीन दिवस चोळणं, मालीश, गरम शेक, गरम लेप यांतलं काही करू नये. आत रक्त साकळलेलं असतं, चोळल्यानं सूज वाढते. आपल्याकडे आंबेहळद-रक्तचंदनाचा लेप लावण्याची पद्धत आहे. लेप लावू नका असं मी म्हणणार नाही, पण लेप लावला म्हणजे उपचार झाला असं समजून डॉक्टरांकडे जाणं टाळू नका. आणि ‘पाय बसवून देणाऱ्या’ माणसाकडे तर मुळीच नेऊ नका. हाड मोडलेलं असेल तर ओढाताणीनं नको ते होऊन बसेल.

पाय दोन उशांवर, छातीपेक्षा जरा उंच ठेवावा. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून सुरू करून वर घोट्याकडे न्यावं. बोटं थंड, निळसर पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सैल करावं. बर्फाबद्दल मात्र आता मत जरा बदललं आहे. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं, ही चार गोष्टींची प्रसिद्ध रीत अमेरिकेतल्या डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ साली सांगितली. पुढे २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं की, फार वेळ बर्फ ठेवल्यानं आणि अगदी पूर्ण विश्रांती घेतल्यानं बरं होणं उलट लांबू शकतं. म्हणून दुखणं कमी व्हावं यासाठी पहिल्या काही तासांत, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-दहा मिनिटं ठेवायला हरकत नाही. बर्फ नसेल तर फ्रीजरमधली मटाराची पिशवीही चालते. पण बर्फ थेट कातडीवर ठेवायचा नाही, आणि दिवसभर तर नाहीच.

क्ष-किरण फोटो काढायला हवा का, हे ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. कॅनडातल्या ओटावा इथल्या डॉक्टरांनी १९९२ साली ती मांडली. मुलगी पडल्यावर लगेच आणि नंतर दवाखान्यातही चार पावलं टाकू शकत नसेल, तर फोटो हवा. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर येतात, त्यांच्या टोकावर किंवा मागच्या कडेवर बोटानं दाबल्यावर कळ येत असेल, तरी हवा. पावलाच्या बाहेरच्या बाजूला, करंगळी आणि टाच यांच्या साधारण मध्यावर एक उंचवटा लागतो, तिथे दुखत असेल तर तेव्हाही हवा. पण हे पाहायचं ते डॉक्टरांकडे जायची घाई किती आहे हे कळावं म्हणून. निदान करण्यासाठी नव्हे. तुमच्या विद्यार्थिनीला अजून डॉक्टरांना दाखवलं नसेल, तर हे वाचून झाल्यावर पहिलं काम तेच.

न पडता येणारं दुखणं

मुरगळणं निदान सगळ्यांना दिसतं. माझ्या विद्यार्थिनीचं दुखणं दिसणारं नव्हतं, आणि नाचणाऱ्या मुलींत असली दुखणीच फार. कथकमध्ये पावलाचा तळ तासन्‌तास जमिनीवर आपटतो, भरतनाट्यममध्ये अरैमंडीत बसताना गुडघे बोटांच्या रेषेत न राहता आत वळतात. रोजचा थोडा थोडा मार साठत जातो.

काही खुणा लक्षात ठेवा. नाच सुरू केला की दुखतं आणि थांबलं की थांबतं, ही पहिली पायरी. मग नाच संपल्यावरही दुखत राहतं. मग रात्री झोपेतही ठणकतं. एका बोटानं नेमकी दाखवता येईल अशी हाडावरची एकच जागा दुखत असेल, तर नाच त्याच दिवशी थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. अशी बारीक भेग पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या फोटोत बरेचदा दिसतच नाही. ‘फोटो स्वच्छ आहे’ म्हणून मुलगी खोटं बोलते असं समजू नका.

आणखी एक गोष्ट आयांनी आणि शिक्षिकांनी, दोघींनीही लाज न बाळगता विचारायला हवी. पाळी वेळेवर येते का? ‘स्टेजवर बारीक दिसायला हवं’ म्हणून पुष्कळ मुली जेवण तोडतात. पोटात पुरेसं अन्न नाही आणि अंगमेहनत भरपूर, अशानं पाळी लांबते, आणि त्याबरोबर हाडंही कमकुवत होतात. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे न्यायलाच हवं. आणि शिक्षिकांनो, “जाड झालीस गं!” हे वाक्य वर्गातून कायमचं हद्दपार करा. आपण सहज बोलून जातो आणि पोर घरी जाऊन ताटावरून उठते.

एक पक्की गोष्ट. दुखणं कमी करायची गोळी घेऊन किंवा स्प्रे मारून कुणाला नाचवू नका, कार्यक्रम कितीही मोठा असो. दुखणं ही शरीरानं वाजवलेली घंटा आहे. घंटेला बोळा लावून आग विझत नाही.

मनाचं काय?

आता खऱ्या प्रश्नाकडे येते. ती मुलगी फोनवर का येत नाही? ती रागावली आहे असं तुम्हाला वाटत असेल. पण जरा चौदा वर्षांची होऊन पाहा. कार्यक्रम तोंडावर, आपण पडलो, बाईंची पंचाईत केली. आई म्हणते नाच बंद. मैत्रिणी तालमीत. आपल्याशिवाय सगळं छान चाललं आहे, आणि चाललं नसेल तर तेही आपल्यामुळेच. तिला बहुतेक तुमची लाज वाटते आहे, राग नव्हे.

म्हणून फोनची वाट पाहू नका. तुम्ही स्वतः तिच्या घरी जा. संध्याकाळी, तिची आई स्वयंपाकाच्या गडबडीत नसेल अशा वेळी. गेल्याबरोबर पायाची चौकशी करा, कार्यक्रमाचा विषय काढू नका. आणि एक वाक्य स्पष्ट बोला, “तू पडलीस यात तुझी चूक नाही.” ते आईसमोर बोला, म्हणजे आईही ऐकेल.

ती रडली तर रडू द्या. “रडतेस काय वेडे, आठ दिवसांत पळायला लागशील,” असं म्हणू नका. आठ दिवसांत पळाली नाही तर तुमच्या पुढच्या शब्दावर तिचा विश्वास राहणार नाही. साधी मुरगळ दोन-तीन आठवड्यांत चालती-फिरती करते, पण आतले अस्थिबंध पूर्ण भरून यायला सहा आठवड्यांपासून तीन महिने लागू शकतात. जे खरं आहे तेच सांगा. मुलींना खरं पेलतं, खोटा धीर पेलत नाही.

अशा वेळी आपल्याला सुधा चंद्रन यांची आठवण येते. १९८१ साली तमिळनाडूत बसच्या अपघातात त्यांचा पाय जखमी झाला, पुढे गँगरीन होऊन तो कापावा लागला. जयपूर फूट बसवून १९८४ मध्ये मुंबईत त्या पुन्हा रंगमंचावर नाचल्या. त्यांच्या आयुष्यावर तेलुगूत ‘मयूरी’ आणि १९८६ साली हिंदीत ‘नाचे मयूरी’ निघाला. गोष्ट खरीच थोर आहे. पण “ती बघ एका पायावर नाचली आणि तू मुरगळीला रडतेस,” असं म्हणून ती सांगू नका. त्या गोष्टीतलं आपल्या उपयोगाचं वेगळंच आहे. त्यांच्या पायावरची एक लहानशी जखम वेळीच लक्षात आली नाही आणि प्लास्टरखाली चिघळली, म्हणून पाय गेला. आणि परत उभं राहायला त्यांना जवळजवळ तीन वर्षं द्यावी लागली. लहान दुखण्याकडे बघा आणि परतायला पुरेसा वेळ द्या, एवढंच त्यातून घ्या.

तिच्या आईंशी वाद घालू नका. त्यांच्या ‘पुरे झाला नाच’मागे भीती आहे. कदाचित घरात कुणी वडीलधारं म्हणालंही असेल, मुलीच्या जातीला पाय अधू झाला तर पुढे कसं? त्यांना म्हणा, “डॉक्टर हो म्हणेपर्यंत मीही तिला पाऊल टाकू देणार नाही.” हे ऐकलं की निम्मी लढाई संपते. डॉक्टरांनी काय सांगितलं ते विचारून वहीत लिहून घ्या. आणि जमिनीबद्दल, सरावाबद्दल तुमच्याकडून काही राहिलं असेल तर तेही कबूल करा. कबूल केल्यानं मान कमी होत नाही.

तिच्या जागी कार्यक्रमात दुसरी मुलगी उभी करावी लागेल. तेही तिला तुम्हीच सांगा, आणि इतर मुलींकडून कळायच्या आधी सांगा. या कार्यक्रमात ती नाचणार नाही, हे आजच ठरवून टाका. ‘बघू, जमलं तर’ हा शब्द तिला दुखऱ्या पायावर उभं करील.

वर्गात तिची जागा

सूज उतरून थोडं चालता येऊ लागलं आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, की तिला वर्गात बोलवा. पाय वर ठेवायला समोर एक स्टूल द्या. पण नुसतं बघत बसायला लावू नका. इतरांना पाणी द्यायला आणि टेप लावायला तर नकोच नको! तिला खरं काम द्या.

आपल्या कलेत बसून करायचं थोडं का आहे? कथकमध्ये पढंत आहे. एरवी पाय चालतात म्हणून जीभ मागे राहते. आता तिला हातावर ताल धरून तोडे, परणी, तिहाया म्हणू द्या. ठायमध्ये, दुगुनीत, चौगुनीत. महिन्याभरात तिची लय इतकी पक्की होईल की तुम्हीच चकित व्हाल. हस्तमुद्रा आहेत, नजर आहे, मानेचं काम आहे, अभिनय आहे. शंभू महाराज बसून भाव दाखवत, आणि त्यांची कीर्ती त्यासाठीच होती. आणि लांब कशाला जायचं? आपल्या महाराष्ट्रात बैठकीची लावणी आहेच की! पद्मश्री यमुनाबाई वाईकर २०१८ साली शंभरी ओलांडून गेल्या. बसल्या जागी नुसत्या हातांनी आणि डोळ्यांनी एकेक ओळ किती परींनी सांगता येते, हे त्यांच्या अदाकारीत रसिकांनी पाहिलं. हे सगळं त्या मुलीला सांगा. पाय थांबले म्हणजे नाच थांबला असं नाही, हे तिला पटू द्या.

मी तुमच्या जागी असते तर वार्षिक कार्यक्रमात तबल्याशेजारी, माइकसमोर तिला बसवलं असतं. चांगली साडी किंवा इतर मुलींसारखाच पोशाख, केसांत गजरा, आणि सगळ्या गटाची पढंत तिच्या तोंडी. सम तिच्या आवाजावर पडेल. मग बघा तिच्या आईंचाही चेहरा!

फीचं विचारलंत, ते बरं केलंत. या गोष्टी मनात ठेवून कुढण्यापेक्षा बोललेल्या बऱ्या. ज्या महिन्यात मुलगी अजिबात येऊ शकत नाही त्याची फी घेऊ नये, आलेली असेल तर पुढच्या महिन्यात धरावी. बसून शिकायला येईल तेव्हा निम्मी घ्यावी. अगदी काहीच घेतली नाही तर मुलीला वाटतं आपण उपकारावर बसलो आहोत. हा माझा हिशेब झाला, तुम्ही तुमच्या सोयीनं पाहा.

दोन-तीन आठवडे उलटूनही मुलगी जेवत नसेल, झोपत नसेल, कुणाशीच बोलत नसेल, तर मात्र हे तुमच्या-माझ्या समजुतीच्या पलीकडचं आहे. घरच्यांना तसं सांगा, डॉक्टरांना सांगा. २०२२ पासून सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. १४४१६ वर फोन केला की मनाच्या दुखण्याबद्दल बोलता येतं.

परत उभं राहताना

परतण्याची घाई शिक्षिकेला असते, आईला भीती असते, आणि मुलीला दोन्ही असतं. म्हणून पायऱ्या ठरवून घ्याव्यात. डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टनी दिलेले व्यायाम पहिले. त्यात बसल्या बसल्या अंगठ्यानं हवेत अक्षरं गिरवणं हा एक फार चांगला. अ, आ, इ, ई करत सगळी बाराखडी काढायची. घोटा सगळ्या बाजूंनी फिरतो आणि पोरींना गंमतही वाटते.

न लंगडता, न दुखता चालता येऊ लागलं की भिंतीजवळ एका पायावर उभं राहणं. आधी दहा सेकंद, मग तीस. मग दोन्ही चवड्यांवर उंच होणं, मग एकाच. तोल सांभाळण्याचा हा सराव पुढेही सोडायचा नाही, कारण एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचा संभव जास्त असतो, आणि या सरावानं तो कमी होतो.

हे जमलं की घुंगरांशिवाय, ठाय लयीत पाच मिनिटं तत्कार. पाय आपटायचा नाही, नुसता ठेवायचा. मग दहा मिनिटं. मग दुगुन. घुंगरू त्यानंतर, तेही पहिल्यांदा थोडेच. चक्कर आणि उड्या सगळ्यांत शेवटी. आणि प्रत्येक पायरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी तिला विचारायचं, “उठल्यावर पाय कसा होता?” सूज किंवा दुखणं वाढलं असेल तर एक पायरी खाली. यात शिक्षा नाही, हे तिला आधीच सांगून ठेवा. एखादी परीक्षा हुकली तर हुकू द्या. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, घोटा मात्र जन्माला पुरवायचा आहे.

जाता जाता तुमच्या हॉलकडे एकदा बघा. ‘नाचता येईना, अंगण वाकडं’ असं आपण म्हणतो, पण कधी कधी अंगण खरंच वाकडं असतं! सिमेंटवर बसवलेली फरशी पायाचा मार जराही झेलत नाही, सगळा मार नडगीला आणि गुडघ्याला परत देते. लाकडी जमीन सगळ्यांत चांगली. ती परवडत नसेल तर निदान रबरी चटयांवर जाड प्लायवूड, कडा नीट ठोकून, न सरकणारं. गुळगुळीत फरशीवर सतरंजी टाकून नाचवू नका, ती सरकते. तालमीच्या आधी दहा मिनिटं अंग मोकळं करणं चुकवू नका. आणि कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात तालमीचे तास एकदम दुप्पट करू नका. दमलेले पायच जास्त मुरगळतात.

वर्गाच्या कपाटात या गोष्टी असू द्या : दोन क्रेप बँडेज, स्वच्छ फडकी, कात्री, जवळच्या हाडांच्या डॉक्टरांचा फोन नंबर, आणि प्रत्येक मुलीच्या घरचे दोन फोन नंबर लिहिलेली वही. त्याच वहीत मागे एक पान ‘आज कुणाला कुठं दुखतंय’ याचं. मी पुढे हे सुरू केलं होतं. तासाच्या सुरुवातीला सगळ्यांना विचारायचं, आणि कुणी सांगितलं की “बरं झालं सांगितलंस” एवढंच म्हणायचं. पहिले पंधरा दिवस कुणीच बोललं नाही. मग एकीनं गुडघा सांगितला, आणि मग वही भरायला लागली. माझ्या त्या सोळा वर्षांच्या मुलीला हे एक वाक्य मिळालं असतं तर!

तर मैत्रिणी, येत्या एक-दोन दिवसांत तिच्या घरी जाऊन या. रिकाम्या हातानं जाऊ नका. दोन वाट्या नाचणीचं पीठ पाऊण वाटी तुपावर मंद आचेवर खमंग भाजा, कोमट झालं की वाटीभर किसलेला गूळ, भाजलेल्या तिळाचा कूट आणि वेलची घालून लाडू वळा. लाडवानं घोटा बरा होतो असं मी म्हणणार नाही. पण नाचणी-तिळात कॅल्शियम भरपूर असतं, वाढत्या पोरींच्या हाडांना ते हवंच. आणि डबा उघडला की आईंचाही हात पुढे येतो, बोलणं सुरू होतं.

निघताना मुलीला एवढंच सांगा, “पढंतीला तुझ्याशिवाय माझं अडलंय. कधी येतेस?”

काय झालं ते मला जरूर कळवा. मीही वाट पाहते आहे.

तुमची,
ताई